संगमावरचा पाहुणा: मॅलेटची पुण्यातली नवी नोकरी

मागच्या भागात आपण सालबाईच्या तहापाशी थांबलो होतो. त्यानंतर एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला: तह झाला ते ठीक, पण इंग्रज पुण्यात येऊन बसले कधी आणि कसे? आज तेच बघू. उत्तर जरा अनपेक्षित आहे. एक माणूस रीतसर परवानगी काढून, सामानसुमान घेऊन, नव्या नोकरीवर रुजू झाला. बस, तिथून सुरुवात.

आधी माझं सांगतो, म्हणजे मी या माणसापर्यंत कसा पोचलो ते कळेल. मी मूळचा नांदेडचा. बीटेक झाल्यावर नोकरीला पुण्यात आलो, तेव्हा पहिले दोन-तीन महिने माझ्यासाठी पुणे म्हणजे हिंजवडीचं ऑफिस, वाकडची रूम आणि खालची खाणावळ. शनिवारवाडा पाहिला तो आई-बाबा आले तेव्हा, तोही त्यांना दाखवायचा म्हणून. नवीन नोकरीत आपण आधी माणसं शिकतो. कोणाला काय विचारायचं, कोणाला चुकूनही विचारायचं नाही, खरा निर्णय कोण घेतं आणि सही कोण करतं. शहर त्यानंतर कधीतरी.

मार्च १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट पुण्यात आला, तेव्हा त्याच्यासमोर हेच काम होतं. वय तिशीतलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत लहानपणापासून, आधीची पोस्टिंग गुजरातेत खंभातला. आता हुद्दा होता पेशव्यांच्या दरबारातला रेसिडेंट. आपल्याकडे अशा माणसाला तेव्हा ‘वकील’ म्हणत. आजच्या कोर्टातला वकील नव्हे हं. एका राज्याच्या वतीने दुसऱ्या दरबारात बसणारा, बोलणी करणारा, ऐकलेलं कळवणारा, तो वकील. आजच्या भाषेत राजदूत.

आता हा नवा माणूस कुठल्या वातावरणात आला ते बघा. त्याच्या आधी पुण्यात इंग्रजांचा एक वकील राहून गेला होता, थॉमस मॉस्टिन. तो १७७२ मध्ये आला. पुढच्याच वर्षी, ३० ऑगस्ट १७७३ ला, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा तो पुण्यातच होता. मग रघुनाथराव इंग्रजांकडे गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला, युद्ध पेटलं, १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांची नाचक्की झाली आणि शेवटी १७८२ मध्ये सालबाई. म्हणजे इंग्रज वकील म्हटलं की पुण्याच्या कारभाऱ्यांना काय काय आठवत असेल!

त्यात ऑफिसातलं राजकारण वेगळंच. सालबाईचा तह जुळवला महादजी शिंद्यांनी. ते त्या तहाचे जामीन. इंग्रजांना पुण्याशी काही बोलायचं तर ते शिंद्यांच्या मार्फत, अशी वाट पडून गेली होती. महादजींना ही वाट आपल्या हातात ठेवायची होती. नाना फडणवीसांना ती नको होती, मधला माणूस नसेल तर बरं असं त्यांना वाटत होतं. म्हणून मॅलेटला पुण्याला येण्याआधी, १७८५ मध्ये, सुरतेहून उज्जैन, ग्वाल्हेर, आग्रा असा प्रवास करून महादजींच्या छावणीत जावं लागलं. कशासाठी? ‘मी पुण्याला जाऊ का?’ हे विचारायला. नोकरी पुण्याला आणि इंटरव्ह्यू मथुरेला!

तर असा तो पोचला. दरबारात पेशवे कोण? सवाई माधवराव. जन्म १८ एप्रिल १७७४ चा, म्हणजे मॅलेट आला तेव्हा बारा वर्षंही पूर्ण नव्हती. कारभार नानांच्या हातात. नाना तेव्हा ४४ वर्षांचे. पानिपतातून जीव वाचवून परत आलेला माणूस. बातमीदारांचं त्यांचं जाळं सगळ्या हिंदुस्थानात प्रसिद्ध होतं. कुठल्या दरबारात काय शिजतंय हे त्यांना कळायचं. आता कल्पना करा, अशा माणसाच्या शहरात तुम्ही परकीय सरकारचे नवे प्रतिनिधी म्हणून उतरलाय. तुम्ही शहर बघायला निघालात, की शहर तुम्हाला बघायला निघतं.

पण नीट बस्तान बसायच्या आतच मॅलेटला बाहेर पडावं लागलं. मराठे आणि निजाम मिळून टिपूवर मोहिमेत गुंतले होते, स्वतः नाना छावणीत होते. नवा वकीलही त्याच उन्हाळ्यात बदामीच्या बाजूला छावणीत गेला. मे १७८६ मध्ये मराठ्यांनी बदामी घेतली. नानांना इंग्रजांकडून टिपूविरुद्ध मदत हवी होती. आणि मॅलेटच्या हातात द्यायला काय होतं? काहीच नाही. इंग्रजांनी १७८४ मध्येच मंगळूरला टिपूशी तह केलेला. सप्टेंबर १७८६ मध्ये कलकत्त्याला लॉर्ड कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल म्हणून आला, त्यानेही या युद्धात पडायला नकार दिला. १७८७ मध्ये मराठ्यांनी टिपूशी आपला आपण तह केला.

म्हणजे नव्या नोकरीच्या पहिल्या वर्षाचं अप्रेझल लिहायचं तर मॅलेटच्या खात्यावर भोपळा. ज्या करारासाठी त्याचं नाव झालं, तो इंग्रज, मराठे आणि निजाम यांचा टिपूविरुद्धचा तह, पुण्यात व्हायला १ जून १७९० उजाडला. मधली चार वर्षं तो काय करत होता?

तो बघत होता. आणि लिहीत होता.

त्याने शहराबाहेर, मुळा आणि मुठा मिळतात तिथे, संगमावर जागा मिळवली. तिथे रेसिडेन्सी उभी राहिली. मला ही जागा दोघांच्याही सोयीची वाटते. मॅलेटला मोकळी हवा, नदी, स्वतःचं आवार आणि शहराच्या गजबजीपासून अंतर. नानांना हे बरं, की इंग्रजांकडे कोण गेलं आणि कोण आलं हे नदीवरच कळतं. एकाच जागेवरून दोघं एकमेकांवर नजर ठेवून.

त्या काळचं पुणं डोळ्यासमोर आणा. शनिवारवाडा अजून शाबूत, आत महाल, कारंजी. १७६१ मध्ये पानिपतानंतर बांधलेला लकडी पूल मुठेवर. तुळशीबागेतल्या राममंदिराचं काम तेव्हा चालूच होतं. कात्रजच्या तलावाचं पाणी नळाने शहरातल्या हौदांत यायचं. पर्वतीवर देवदेवेश्वर, खाली तळं, तळ्यात गणपती, आणि पायथ्याच्या बाजूला पेशव्यांचे पाळलेले प्राणी. श्रावणात दक्षिणा घ्यायला दूरदूरचे ब्राह्मण पुण्यात जमायचे. रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरायला बंदी, आणि ही बंदी बघणारा कोतवाल कोण? घाशीराम. हो, तोच. तेंडुलकरांच्या नाटकातला. १७९१ मध्ये घाशीरामाने कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले आणि चिडलेल्या जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारलं, तेव्हा मॅलेट पुण्यात होता. त्याने ती सगळी हकीकत वरिष्ठांना लिहून कळवली. आज इतिहासकार त्या घटनेबद्दल लिहितात तेव्हा त्याचं पत्र हा एक मोठा आधार असतो.

मॅलेटची ही पत्रं १९३६ मध्ये गोविंद सखाराम सरदेसाईंनी संपादित करून छापली. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचा अख्खा एक खंड मॅलेटचा आहे. मी तो फोनवर, स्कॅन केलेल्या प्रतीतून, ऑफिसच्या बसमध्ये वाचला. रोज थोडा थोडा. खरं सांगू, पहिल्यांदा कंटाळा आला. कोण कोणाला भेटलं, कोण आजारी, कुठल्या सरदाराची फौज कुठे, पैशाची ओढ कोणाला. मग लक्षात आलं, कंटाळवाणं आहे म्हणूनच ते ताकदीचं आहे. हे एका माणसाच्या डोक्यात राहिलं नाही. मुंबईला गेलं, कलकत्त्याला गेलं, फाइलला लागलं.

आता माझ्या ऑफिसातली एक गोष्ट सांगतो. कंपनीचं नाव नको. आमच्या टीममध्ये एक सीनियर दादा होता. सगळी सिस्टीम त्याच्या डोक्यात. रात्री दोनला सर्व्हर पडला तरी तो झोपेत सांगायचा, अमुक फाइल उघड, तमुक ओळ बघ. आम्ही सगळे निवांत. त्याने राजीनामा दिला. जाताना केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफरची दोन आठवड्यांची सेशन्स झाली. आम्ही माना डोलावल्या. तिसऱ्या आठवड्यात सिस्टीम पडली आणि आम्ही पाच जण रात्रभर स्क्रीनकडे बघत बसलो. त्याची एकही ओळ कुठे लिहिलेली नव्हती. त्या रात्रीनंतर मी मॅलेटचा खंड पुन्हा उघडला आणि तो मला वेगळाच दिसायला लागला.

कारण मॅलेट १७९७ मध्ये पुण्यातून गेला आणि रेसिडेन्सीला काही फरक पडला नाही. काही महिन्यांत विल्यम पामर त्या खुर्चीत बसला, मग बॅरी क्लोज, मग १८११ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. प्रत्येक नव्या माणसाला आधीच्याची पत्रं तयार. कोण कोणाचा मेहुणा, कोणाचं कोणाशी वाकडं, सगळं वाचून घ्यायचं आणि कामाला लागायचं.

आणि आपल्याकडे? इथे घाईने बोलायचं नाही. मराठे लिहीत नव्हते असं कोणी म्हणालं तर त्याला पुण्याच्या पेशवे दफ्तरात नेऊन उभं करा. कागदांचे हजारो रुमाल आहेत तिथे. हिशेब, बातमीपत्रं, वकिलांची पत्रं. हैदराबादहून गोविंदराव काळे काय सुंदर पत्रं लिहायचे! म्हणजे कागद होता, अक्कल होती, बातमीही होती. पण ती सगळी बातमी जोडून ‘इंग्रज म्हणजे काय प्रकरण आहे’ हे ओळखणारं डोकं मुख्यतः एक. नाना १३ मार्च १८०० रोजी गेले. तेव्हा रेसिडेंट होता पामर. त्याने वर कळवलं, की नानांबरोबर मराठी राज्यातला शहाणपणा आणि संयमही गेला. विचार करा. आपल्या सगळ्यात हुशार कारभाऱ्याचा मृत्युलेख, आणि आपण आजही तो रेसिडेन्सीच्या शब्दांत सांगतो.

राज्य बुडालं ते फक्त यामुळे, असं मी म्हणत नाही. १७९५ मध्ये सवाई माधवराव अवघ्या एकविसाव्या वर्षी वाड्याच्या सज्जावरून पडून गेले, मग वारसाचे झगडे, शिंदे-होळकरांचं वैर, रिकामी तिजोरी. कारणं खूप. पण एक गोष्ट मला टोचते. इंग्रजांचा माणूस पुण्यात अकरा वर्षं राहून रोज बघत होता. पुण्याचा कोणी लंडन असं बघत होता का?

गंमत म्हणजे, एकदा दोघं जण गेले होते! पण पाठवले कोणी? रघुनाथरावांनी, स्वतःच्या दाव्यासाठी. १७८१ मध्ये हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि मणियार नावाचा पारशी असे त्यांचे दोन वकील इंग्लंडात होते. त्यांना तिथे कोणी फारसं विचारेना. शेवटी एडमंड बर्क या खासदाराने त्यांना लंडनबाहेर बीकन्सफील्डला आपल्या घरी नेलं, आणि हणमंतरावांचं सोवळं सांभाळता यावं म्हणून बागेतलं काचघर त्यांना स्वयंपाकाला, पूजेला दिलं. चित्र डोळ्यासमोर आणा हो. इंग्लंडातली थंडी, काचेचं घर, आणि आत आपला माणूस चूल पेटवतोय. बर्क हा पुढे वॉरन हेस्टिंग्जवर खटला भरणारा माणूस. कंपनीच्या आत काय चाललंय हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? आणि हणमंतराव त्याच्याच आवारात राहत होते. परत आल्यावर त्यांना समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त घ्यावं लागलं. त्यांनी तिकडे काय पाहिलं, कंपनीवर पार्लमेंटचा हात कसा असतो, तिच्यात भांडणं कोणाची, हे पुण्याच्या कारभाराच्या कामी आलं नाही. रघुनाथराव विरोधी पक्षातले, त्यांचा वकील काय बघून आला याची पुण्याला काय पडलेली!

आता या गोष्टीची दुसरी बाजू सांगतो, नाहीतर मॅलेट नुसता हेर वाटेल.

मॅलेटला चित्रांचं वेड होतं. १७९२ मध्ये जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला. त्याने सवाई माधवराव, नाना, महादजी यांची चित्रं काढली. नानांचा तो लांबट चेहरा आपल्याला पाठ आहे तो बराचसा वेल्समुळे. पाश्चात्त्य पद्धतीने चित्रं काढायला शिकवणारी एक शाळा शनिवारवाड्यात सुरू झाली. आणि त्याच्याही आधीपासून मॅलेटसाठी चित्रं काढणारा एक पुणेकर होता: गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. कसब्यातली तांबट आळी माहितीये ना, जिथे आजही भांडी ठोकल्याचा आवाज येतो? त्या तांबट समाजातला. त्याने १७९० मध्ये पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा काढला. पैलवान काढले. पर्वती काढली. पुढे वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली. मॅलेटने वेरूळवर लेख लिहिला तेव्हा गंगारामची चित्रं त्याच्या उपयोगी पडली.

मी गंगारामची पर्वती पहिल्यांदा पाहिली ती फोनच्या स्क्रीनवर. दोन बोटांनी मोठी करत गेलो. ओळखीची टेकडी, ओळखीची देवळं, आणि भोवती बिल्डिंगच नाहीत. मी पर्वतीवर किमान वीस वेळा गेलोय, पण त्या दिवशी कळलं की मी ती नीट कधी पाहिलीच नव्हती. मग चित्र कुठे ठेवलंय ते वाचलं. अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात.

आणि १७९० च्या तहाचा दरबार? वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने त्याचं मोठं तैलचित्र रंगवलं, १८०५ मध्ये. मधोमध बसलेले तरुण पेशवे, मॅलेट, दाटीवाटीने दरबारी, मागे भली मोठी गणेशमूर्ती. डॅनियल त्या दिवशी तिथे नव्हता, त्यामुळे चित्र फोटोसारखं खरं धरायचं नाही. पण शनिवारवाड्याच्या आतली इतकी भरलेली दुसरी प्रतिमा आपल्याकडे नाही. ते लंडनला टेट संग्रहालयाकडे आहे. वाडा फेब्रुवारी १८२८ च्या आगीत जळाला. आपण तिकीट काढून बघतो ती तटबंदी आणि जोती.

संगमावरची रेसिडेन्सीही जळाली. ५ नोव्हेंबर १८१७, खडकीची लढाई. एल्फिन्स्टन निसटला आणि पेशव्यांच्या फौजेने रेसिडेन्सी पेटवून दिली. एल्फिन्स्टनची पुस्तकं, कागद, सगळं त्यात गेलं. पण कामाच्या पत्रांच्या प्रती मुंबई-कलकत्त्याला आधीच पोचलेल्या होत्या. बॅकअप. घर जळलं, माहिती राहिली. दुसऱ्या वर्षी पेशवाई संपली.

मागच्या शनिवारी मी सिव्हिल कोर्टवरून स्टेशनच्या बाजूला जाणारी मेट्रो पकडली. नदी ओलांडायला काही सेकंद लागतात. खिडकीशी उभा राहून संगम कुठे दिसतो का बघत होतो. शेजारी एक मुलगा, बॅग पाठीला, गळ्यात कंपनीचं नवंकोरं ओळखपत्र, मोबाइलवर नकाशा उघडून कुठे उतरायचं ते शोधत होता. मला विचारलं, ‘‘दादा, इथे बघण्यासारखं काय आहे?’’ मी नदीकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, ‘‘पाणी घाण आहे ओ.’’ बरोबर होतं त्याचं. तेवढ्यात नदी मागे गेली आणि मला काही सांगताच आलं नाही. जे सांगायचं होतं ते तुम्हाला आज सांगितलं.

आता तुमच्यासाठी एक काम. तुम्ही ज्या शहरात नवीन असाल, पुणे असो, बंगळूर असो नाहीतर म्युनिक, या आठवड्यात एक जागा नीट बघा आणि पाच ओळी लिहून ठेवा. तारीख घाला. दुकानाचं नाव, चहाची किंमत, कोण काय म्हणालं. आणि हो, फक्त फोनमध्ये नको. कोणाला तरी पाठवून ठेवा. आम्हाला पाठवल्या तर पुढच्या भागात वाचू.

पुढच्या भागात बॅरी क्लोज आणि वसईचा तह. तोपर्यंत काळजी घ्या. भेटूच!